हवा नसलेल्या जागेचा नियम

रविवार, ४ जानेवारी

मेणबत्तीला बंदी! बारा वर्षं डावाच्या सुरुवातीला मेणबत्ती लावायची आणि डाव संपला की विझवायची, हा आमचा रिवाज. आज दादाच्या खोलीच्या दारावर वहिनीने कागद चिकटवलाय — 'ऑक्सिजन चालू आहे. काडेपेटी, सिगारेट, आग नको.' तो वाचून सगळ्यात आधी हसला तो दादाच. "घ्या! अग्नीवाल्याच्याच खोलीत अग्नीला मज्जाव!" हसल्याची शिक्षा म्हणून चार मिनिटं खोकला. मग नाकातली नळी सारखी करून म्हणाला, "हं, सूत्रधार. कुठे होतो आपण?"

ही वही नवी आहे, तिला काही माहीत नाही. तर — आमचा खेळ कागद, पेन्सिल आणि फाशांचा. प्रत्येकाचं एक पात्र, प्रत्येक पात्राला एक शक्ती. दादाला अग्नी. दादा काच फुंकणारा — प्रयोगशाळेतले चंबू, नळ्या. तीस वर्षं भट्टीसमोर फुंकत होता, आता फुंकत नाही. वहिनीला वायू. गोगलगायला भूमी. तो दादाच्याच कारखान्यातला भट्टीवाला, पाळी आली की दहा मिनिटं विचार करतो म्हणून हे नाव. पाण्याची जागा रिकामीच होती, ती गेल्या मे महिन्यापासून फिजिओकडे. दादाला श्वासाचे व्यायाम शिकवायला आला, श्वास ओढला की चेंडू वर चढतात ते तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र घेऊन, आणि एका रविवारी दुपारी खुर्ची ओढून बसला तो बसलाच. मी सूत्रधार. जग मी रचते, संकटं मी आणते. मला पात्र नाही.

गोगलगायने आज सेलवरची मेणबत्ती आणली. प्लास्टिकची ज्योत सात सेकंद हलते आणि पुन्हा पहिल्यापासून हलते. मी मोजलं. मोजायची खोडच आहे मला.

मंगळवार, ६ जानेवारी

ऑफिसात अग्निसुरक्षेच्या तपासणीत इमारतींचे तीन नकाशे परत पाठवले. एकात दुसरा जिनाच नाही. एकात दरवाजा आत उघडणारा. धूर झाला की माणसं दाराला रेटून उभी राहतात आणि आत उघडणारं दार उघडत नाही, हे किती वेळा सांगायचं? तिसऱ्याच्या मागे शिक्का नव्हता. नकाशा हातात आला की मी आधी उलटते. पुढची बाजू कोणीही सुंदर काढतं.

दादाला फोन केला. आज चेंडू दीड वर गेला म्हणाला. तीनपैकी दीड. अर्धा चेंडू वर कसा जातो? "मधेच लटकतो गं. माझ्यासारखा."

रविवार, ११ जानेवारी

घोळ करून बसले आहे.

पात्रं मिठाच्या जुन्या खाणीत उतरली. हवा अशी की माणूस कसाबसा तग धरेल, पण ज्योत धरणार नाही. हे मीच रचलं होतं. वाटलं होतं, थोडी घाबरतील आणि आल्या वाटेने वर येतील. तर वहिनीने वारा सोडायचा हट्ट धरला, वीस बाजूंच्या फाशावर नेमका एक पडला आणि आल्या वाटेचं भुयार कोसळलं! आता पुढे एकच लोखंडी दार. कडेने शिसं ओतून बंद केलेलं.

मग सगळे नियमवहीवर तुटून पडले. वायूवाल्याला त्या जागी आहे तेवढ्याच हवेचा वारा मिळतो — म्हणजे फुंकर. भूमीवाल्याचे पाय मातीवर हवेत, आणि मीठ म्हणजे माती नाही — यावर सहा वर्षांपूर्वी तीन तास भांडण झालेलं आहे. गोगलगाय म्हणाला, "माझ्या खिशात माती आहे!" आहे, पण मूठभर मातीने मूठभरच काम होतं, तोही नियम आहे. पाणी मिठाने पिऊन टाकलेलं. आणि अग्नी — 'जिथे ज्योत धरत नाही तिथे अग्नीवाला साधा माणूस.' हा पहिल्या वर्षीचा नियम. माझ्याच अक्षरात आहे, कारण तेव्हा वादात मी हरले होते. आमच्यात जो वादात हरतो त्यानेच नियम वहीत लिहायचा, आणि खेळणाऱ्यांनी त्या पानामागे आपापली खूण करायची. खुणा झाल्या की नियम पक्का. सूत्रधाराने वाद घालावा, पण त्याला मत नाही, खूणही नाही. हे मीच ठरवलेलं. नाहीतर मी सगळ्यांना सारखी वाचवत बसले असते.

चौघेही अडकले. चौघांच्या चार शक्ती त्या जागेने काढून घेतल्या. दादा टाळ्या वाजवत होता! "वा! काय पिंजरा केलाय! बघितलंत का, दिवसभर लोकांचे नकाशे नाकारते दुसरी वाट नाही म्हणून — आणि स्वतः?"

माझ्या तर ते लक्षातही आलं नव्हतं.

बुधवार, १४ जानेवारी

डॉक्टरांकडे. वहिनी आणि मी. दादा बाहेर बाकावर, सिलिंडर मांडीशी धरून.

"फुप्फुसं आता दगडासारखी होत चालली आहेत. पुढच्या वेळी श्वास अडला तर घशात नळी घालून यंत्रावर ठेवावं लागेल. आणि एकदा ठेवलं, तर नळी निघेल याची खात्री मी देणार नाही."

वहिनीने विचारलं, "नाही ठेवलं तर?"

मला तिचा इतका राग आला! असं विचारायचंच कसं? डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. भिंतीवरचा बाहेर जायच्या वाटेचा बाण बघत होते. चुकीच्या बाजूला दाखवत होता.

रविवार, १८ जानेवारी

डाव रद्द केला. घसा धरलाय असं खोटं सांगितलं.

रविवार, २५ जानेवारी

आजही जाणार नव्हते. दादाचा फोन — "सूत्रधार पळून गेला की पात्रं उपाशी मरतात. ये मुकाट्याने."

गेले. आणि जाताना सोय करून गेले. सांगितलं — छताला एक बारीक फट आहे, त्यातून ताजी हवा येते आहे. दादाने चष्मा कपाळावर चढवला.

"ही फट कुठून आली?"

"होतीच."

"खाणीतल्या पहिल्या डावात मी छत तपासलं होतं. सोळा पडले होते. तू म्हणालीस, अखंड आहे."

"तेव्हा दिसली नसेल."

"सोळा पडल्यावर?" धाप लागली होती, तरी एकेक शब्द तोडून बोलला. "मला फुकटची हवा देऊ नकोस. इथे यंत्र देतंय तेवढी पुरे."

फट काढून टाकली. फिजिओ खाली मान घालून फासा फिरवत बसला होता. गोगलगाय चहा करायला उठला. त्याला चहा येतही नाही.

रविवार, १ फेब्रुवारी

डाव झालाच नाही. दादाने उशीखालून कागद काढला. हॉस्पिटलचा. 'श्वास अडल्यास घशात नळी घालू नये, यंत्रावर ठेवू नये.' खाली त्याची सही. बाजूला वहिनीची. तिसरी रेघ रिकामी — बायकोशिवाय रक्ताच्या नात्यातला एक साक्षीदार.

मी म्हटलं, मरेन पण सही करणार नाही.

"तू नाही, मी मरणार आहे. म्हणूनच तर कागद आहे."

विनोद! त्याला विनोद सुचत होते! मी नको नको ते बोलले. वहिनीला म्हटलं, तुला सुटका हवी आहे. ती उभी होती, हातात औषधाची डबी होती. डबीतली संध्याकाळच्या कप्प्यातली गोळी सकाळच्या कप्प्यात टाकली, मग काढून परत संध्याकाळच्यात टाकली.

दादा म्हणाला, "तुला आठवतं, काच जास्त वेळ भट्टीत ठेवली की काय होतं? आकारच राहत नाही."

"तू काच नाहीस," मी म्हटलं आणि निघून आले. चपला बदलून आले. एक माझी, एक वहिनीची. घरी आल्यावर कळलं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वहिनीला चपलेचा फोटो पाठवला. 'माफ कर' असं लिहिलं. तिने उत्तर पाठवलं — 'मलाही सुटका हवी आहे असं कधी कधी वाटतं. तुला खोटं का सांगू?'

सोमवार, ९ फेब्रुवारी

शुक्रवारपासून तीन दिवस दादा हॉस्पिटलात होता. नळी लागली नाही. थोडक्यात निभावलं. आज घरी.

रविवार, १५ फेब्रुवारी

दादा आता वाक्य पुरं करत नाही. तीन शब्द, थांबा, तीन शब्द. तरी म्हणाला, डाव हवा.

बसलो. वहिनी पलंगावर त्याच्या पाठीशी उशी होऊन. मी म्हटलं, काहीतरी वाट काढू, मी पुन्हा विचार केलाय. त्याने हात वर केला आणि नियमवही मागितली. अग्नीच्या भागातलं एक पान काढलं आणि वाचायला लागला. त्याच्याच अक्षरातलं.

'ज्योत न धरणाऱ्या जागी अग्नीवाला स्वतःच्या छातीतला श्वास जाळू शकतो. एका श्वासाला एक पाळीभर ज्योत. जाळलेला श्वास परत मिळत नाही. कितीवर थांबायचं हे फक्त त्याने ठरवायचं. सूत्रधाराने नाही.'

हा नियम मला आठवतच नाही! कधी भांडलो यावर? प्रत्येकाच्या कागदावर श्वासाच्या दहा चौकटी आहेत, पण त्या बुडी मारण्यासाठी. दादा म्हणाला, "पहिल्या वर्षातला. मी हरलो होतो. म्हणून माझं अक्षर." असेल. त्या वर्षी आम्ही दर रविवारी तीन-तीन तास भांडायचो. प्रत्येक शक्तीच्या भागात कोरी पानं सोडलेली असतात, जिथे जागा मिळेल तिथे नियम लिहिलेत. वहीत आहे म्हणजे आहे.

शिसं वितळायला किती पाळ्या, त्याने विचारलं. मी गेल्याच महिन्यात सांगितलं होतं. दहा.

दहा चौकटी. दहा पाळ्या.

मी फासे डब्यात भरले आणि म्हटलं, आज इथेच थांबू. कोणी अडवलं नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्या सहीने एक नकाशा पुढे गेला होता, मागे शिक्का नसलेला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही उलटून बघितलं नाहीत?" नाही बघितलं. "घरी सगळं ठीक?" हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पाण्याचा आवाज झाला की बाहेर ऐकू जात नाही. फिजिओ असता तर म्हणाला असता, जलशक्तीचा उपयोग.

त्या नियमाचाच विचार येतो. कोणत्या वेड्या क्षणी मी हे मान्य केलं होतं? तेव्हा दादा एका फुंकरीत लिटरभराचा चंबू फुगवायचा. स्वतःचा श्वास जाळणं म्हणजे तेव्हा आम्हाला शौर्य वाटलं असणार. मूर्ख होतो.

रविवार, २२ फेब्रुवारी

झालं.

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच काहीतरी बदलून टाकेन.

दुपारी तीन. पडदा अर्धा ओढलेला. प्लास्टिकची मेणबत्ती. ऑक्सिजनच्या यंत्राचा तो घोगरा आवाज. दादाच्या पात्राचा कागद वहिनीने त्याच्या मांडीवर पुठ्ठ्यावर धरला, पेन्सिल त्याच्या हातात.

"एक," तो म्हणाला आणि पहिली चौकट काळी केली. मला वर्णन करायला हवं होतं — ते माझं काम. केलं. मिठाच्या भिंती उजळल्या. चौघांना पहिल्यांदा एकमेकांचे चेहरे दिसले. दाराच्या कडेला शिसं चकाकलं.

दोन. तीन. चार. दर दोन चौकटींच्या मध्ये तो विश्रांती घेत होता. फिजिओ हळूच म्हणायचा, "काका, नाकाने आत... ओठ मुडपून बाहेर... हं." तो खेळाबद्दल म्हणत होता की खरं, कोण जाणे.

सहाव्याला मी म्हटलं, शिसं वितळून वाहायला लागलंय. आता आठ पाळ्या पुरतील.

"इन्स्पेक्टरीणबाई. दहा म्हणाला होतात."

"माझा खेळ आहे. मी सूत्रधार आहे."

"मग नियम पाळा."

मी बाकीच्यांकडे बघितलं. गोगलगायने म्हणायला हवं होतं, मी मूठभर मातीने दार ढकलतो. वहिनीने म्हणायला हवं होतं, माझी फुंकर घाला त्या ज्योतीवर. एका बाणाचा नेम चुकला तर अर्धा तास भांडणारी बाई ही! गोगलगायची पाळी आली तेव्हा त्याने दहा मिनिटं काय, दहा सेकंदही घेतली नाहीत. "मी थांबतो," म्हणाला. फिजिओ — "मीही थांबतो." वहिनी — "थांबते."

सात, आठ, नऊ.

दहावी चौकट त्याने बराच वेळ काळी केली, कोपऱ्यापर्यंत. मी म्हटलं, दार बाहेरच्या बाजूला उघडतं. तो हसला. "अर्थात! तुझं दार... दुसरं कसं... असणार?" तिघं बाहेर पडले. वर मोकळं रान, दिवस. खूप हवा. अग्नीवाला आत राहिला.

रिवाज म्हणून मेणबत्ती त्याच्याकडे दिली. त्याने सवयीने ओठांचा चंबू केला, फुंकर मारली. ज्योत तशीच हलत राहिली. मग उलटी करून बटण बंद केलं.

कोणी जागेवरून उठेना. शेवटी वहिनीनेच पडदा पूर्ण उघडला आणि म्हणाली, कपबश्या तशाच पडल्यात सकाळपासून.

सोमवार, २३ फेब्रुवारी

ऑफिसातून परस्पर तिकडे गेले. सही केली. तिसऱ्या रेघेवर. पेन उमटेना, दोनदा गिरवावी लागली.

'कितीवर थांबायचं हे फक्त त्याने ठरवायचं. सूत्रधाराने नाही.' मीच मान्य केलेला नियम. मग कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

दादा म्हणाला, "शहाणी." लहानपणी गणित बरोबर आलं की म्हणायचा तसं.

रविवार, १ मार्च

डाव नाही. दादाचं पात्र नाही. नुसतेच बसलो. गोगलगायने जुना चंबू आणला होता, दादाने फुंकलेला, बुडाशी एक बुडबुडा राहून गेलेला. "हा त्याचा वीस वर्षांपूर्वीचा श्वास आहे," म्हणाला. मला तो हातात घ्यायची भीती वाटली.

सोमवार, ९ मार्च

दादा गेला. सकाळी सव्वासात. नळी घातली नाही.

गुरुवार, १२ मार्च

वहिनीने दारावरचा कागद काढला. चिकटपट्टीबरोबर रंगही निघाला. यंत्र कंपनीची माणसं घेऊन गेली. खोली इतकी शांत आहे की आम्ही दोघी कुजबुजत बोलतो.

लोक येतात, म्हणतात, सुटला. मी मान हलवते. सही माझी आहे. यंत्रावर ठेवलं असतं तर आज गुरुवारी असता. कसा का असेना, असता. वहिनीला हे म्हटलं नाही. तिने तरी काय करावं? खरा दोष त्या नियमाचा, आणि तो माझ्यासमोर झालेला. बारा वर्षांपूर्वी मी जरा जोर लावून भांडले असते, शेवटची ओळ लिहू दिली नसती, तर मी सही केलीच नसती. एका खेळातल्या ओळीने भाऊ घालवला मी.

सोमवार, १६ मार्च

झोप नाही, भूक नाही. नकाशे तेवढे तपासते. सगळे उलटून.

शनिवार, २१ मार्च

वहिनीने नियमवही माझ्याकडे दिली. "तुझ्याकडेच राहू दे." ते पान फाडायचं म्हणून काढलं. फाडण्याआधी हाताने आपोआप उलटलं.

मागे चार खुणा. दादाचा त्रिकोण. वहिनीचं वर्तुळ. गोगलगायचा शंख. आणि तीन चेंडू.

फिजिओ आमच्यात येऊन दहा महिने झालेत.

म्हणजे नियम जुना नव्हताच. चौघांनी माझ्यामागे बसून केला. त्यांचं आधीच ठरलं होतं, फक्त मला कबूल करायचं बाकी होतं. वहिनी वर्तुळ एका फटक्यात काढते. हे थरथरलंय, दोनदा गिरवलंय.

खाली पेन्सिलने एक रिकामी चौकट. शेजारी दादाचं अक्षर — 'सूत्रधाराची.'

मला खूण नाही. बारा वर्षांत कधी लागलीच नाही. पेन्सिल घेऊन बसले आहे.